क्रिप्टोग्राफीची प्राध्यापक व्हायचं असेल तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: सांगलीकडची एक विद्यार्थिनी टीई कॉम्प्युटरला, म्हणजे इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. वर्गात आरएसए (सगळ्यांना माहीत असलेल्या किल्लीनं संदेश बंद करायचा आणि तो फक्त खासगी किल्लीनं उघडायचा, ही पद्धत) शिकल्यापासून हा विषय तिच्या डोक्यातून जात नाही. क्रिप्टोग्राफीत, म्हणजे माहिती गुप्त आणि सुरक्षित ठेवण्याच्या शास्त्रात, पीएच.डी. करून प्राध्यापक व्हावं असं तिला वाटतं. घरचे म्हणतात, कॅम्पसमधून मिळेल ती नोकरी घे, बाकीचं नंतर बघू. ती विचारते, हे करिअर आतून कसं असतं, गणित किती लागतं, पैसे किती मिळतात, आणि क्वांटम कॉम्प्युटर आले की हा विषयच संपणार का?

मी अनेक वर्षं हाच विषय शिकवते आणि त्यातच संशोधन करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी कामाचं स्वरूप. मुलांना वाटतं की क्रिप्टोग्राफीचा प्राध्यापक म्हणजे कोड फोडणारा, नाहीतर नवे सायफर, म्हणजे सांकेतिक लिपीच्या पद्धती, तयार करणारा माणूस. दोन्ही कामं आमच्यात होतात. पण रोजचा सगळ्यात जास्त वेळ जातो तो एका वेगळ्याच गोष्टीत: ‘सुरक्षित’ म्हणजे नेमकं काय, हे पळवाट उरणार नाही इतक्या काटेकोरपणे लिहिण्यात. हे नुसतं वाचून पटत नाही, तेव्हा कागद-पेन घे.

तू शिकलेलं आरएसए छोट्या आकड्यांत मांडू. ३ आणि ११ या दोन मूळ संख्या. गुणाकार ३३. सार्वजनिक किल्ली ३, खासगी किल्ली ७, कारण ३ गुणिले ७ म्हणजे २१ आणि २१ ला २० ने (दोन्ही मूळ संख्यांतून एकेक वजा करून, २ गुणिले १०) भागलं की बाकी १ उरते. (ही ७ काढायची रीत म्हणजे आर्यभटाचा कुट्टकच. तुमच्या पुस्तकात ती एक्सटेंडेड युक्लिड या नावानं असते.) आता समजा एक लिलाव आहे, आणि प्रत्येकानं आपली बोली आयोजकाच्या सार्वजनिक किल्लीनं बंद करून पाठवायची आहे. एकानं ४ ची बोली लावली. ४ चा घन ६४, त्याला ३३ ने भागून बाकी ३१. नेटवर्कवरून जातो तो हा ३१. मला ४ दिसलेले नाहीत, माझ्याकडे खासगी किल्लीही नाही. मी फक्त २ चा घन म्हणजे ८ घेते आणि ३१ ला ८ ने गुणते. २४८. ३३ ने भागून बाकी १७. हा १७ मी माझी बोली म्हणून पाठवते. आयोजक आपल्या किल्लीनं तो उघडतो तेव्हा त्याला ८ मिळतात. समोरच्याची बोली किती हे न कळता मी बरोबर दुप्पट बोली लावली! ३३ च्या जागी २०४८ बिटांची संख्या घेतलीस तरी ही युक्ती जशीच्या तशी चालते.

आणखी एक बघ. पाठवायचा संदेश फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ असेल, तर कुणीही सार्वजनिक किल्ली वापरून दोन्ही उत्तरं स्वतः बंद करून बघेल आणि गेलेल्या आकड्याशी ताडून पाहील. पुन्हा काहीही न फोडता गुपित बाहेर.

इथे आरएसए फुटलं का? मोठ्या संख्येचे अवयव कुणीही पाडलेले नाहीत. फुटली ती आपली समजूत. ‘किल्लीशिवाय संदेश काढता येत नाही’ एवढंच आपण म्हणत होतो आणि तेवढं पुरेसं नव्हतं. १९८२ मध्ये शफी गोल्डवॉसर आणि सिल्व्हियो मिकाली या बर्कलीतल्या दोन विद्यार्थ्यांनी हे नीट मांडलं. शत्रूला दोन संदेश स्वतःच निवडू द्या, त्यातला एक बंद करून त्याच्या हातात द्या. दोघांतला कोणता हे ओळखण्यात त्याला नाणं उडवून बोलण्यापेक्षा जाणवण्याइतकं जास्त यश मिळता कामा नये. हे साधायचं तर प्रत्येक वेळी बंद करताना नवं यादृच्छिक काहीतरी मिसळावंच लागतं, म्हणजे वर्गात शिकवलं जाणारं आरएसए तसंच्या तसं वापरणं बाद. दोघांना २०१२ सालचा ट्युरिंग पुरस्कार, म्हणजे संगणकशास्त्रातला सर्वोच्च सन्मान, मिळाला तो प्रामुख्यानं अशा कामासाठी. आमचा सगळा आधुनिक विषय या एका व्याख्येच्या पद्धतीवर उभा आहे.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. या करिअरची खरी कमाई म्हणजे आपण नेमका कसला दावा करतोय हे नीट सांगता येणं. बाकी सगळं त्यानंतर. एका वाक्यातल्या एका शब्दावर महिनोन्महिने घालवण्याची तुझी तयारी असेल, आणि त्यात तुला आनंद वाटत असेल, तर हा विषय तुझा आहे. नुसतं हॅकिंगचं आकर्षण असेल तर सायबर सिक्युरिटीतली नोकरी जास्त समाधान देईल, आणि तीही चांगलीच गोष्ट आहे.

‘एका शब्दावर महिने’ हे अतिशयोक्तीनं म्हणत नाहीये. वरच्या व्याख्येत एक उपप्रश्न निघतो: शत्रूला दुसरे काही बंद संदेश उघडून घेण्याची मुभा द्यायची की नाही? नव्वदीच्या सुरुवातीला चार्ल्स रॅकॉफ आणि डॅनियल सायमन यांनी ‘द्यायची’ असं म्हणून कडक व्याख्या मांडली. पुष्कळांना ती कागदावरची चैन वाटली, कारण प्रत्यक्षात शत्रूला संदेश कोण उघडून देणार? मग १९९८ मध्ये डॅनियल ब्लाइशेनबाखर यांनी दाखवलं की त्या काळचे वेब सर्व्हर नकळत तेच करत होते. आलेल्या संदेशाची मांडणी चुकली असेल तर सर्व्हर ‘चुकली’ असा एरर द्यायचा. ‘बरोबर’ की ‘चूक’ एवढीच माहिती, पण मुद्दाम बनवलेले सुमारे दहा लाख संदेश पाठवून ती गोळा केली की पकडून ठेवलेला खरा संदेश उघडता येत होता. तेव्हापासून ती कडक व्याख्या ही किमान अट झाली. मी हा भाग दर वर्षी शिकवते आणि त्यासाठी दोन तास राखून ठेवते. वर्गात मागच्या बाकांवरची मुलंही इथे सरसावून बसतात, कारण कोरडी वाटणारी एक अट आणि खरा हल्ला यांतलं अंतर त्यांच्या डोळ्यांदेखत नाहीसं होतं.

आता या पेशाला लागणारा स्वभाव. इथे तुझं काम लोक फोडायला बसलेले असतात आणि तेच त्यांचं कर्तव्य आहे. २०११ मध्ये डेव्हिड जाओ आणि लुका दे फेओ यांनी एलिप्टिक कर्व्ह या खास वक्रांमधल्या आयसोजेनींवर (एका वक्रावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या फलनांवर) आधारलेली एक पद्धत मांडली. त्यातून घडलेली ‘साइक’ ही योजना निस्टच्या, म्हणजे अमेरिकेच्या मानक संस्थेच्या, स्पर्धेत जुलै २०२२ मध्ये चौथ्या फेरीत पोहोचली. अकरा वर्षं जाणकारांनी तिच्यावर डोकं चालवलं होतं. त्याच महिन्याच्या अखेरीस बेल्जियममधल्या लूव्हेनच्या वाउटर कास्ट्रिक आणि थॉमस डेक्रू यांनी पेपर टाकला: साइकची सर्वांत लहान आकड्यांची आवृत्ती साध्या कॉम्प्युटरच्या एका कोअरवर सुमारे तासाभरात फुटते. या हल्ल्याचं सूत्र सापडलं ते अर्न्स्ट कानी या गणितज्ञाच्या १९९७ सालच्या एका प्रमेयात. ते प्रमेय कुणी लपवलेलं नव्हतं. या प्रश्नाशी त्याचा संबंध आहे हे तोवर कुणाला दिसलं नव्हतं.

त्या योजनेवर कितीतरी लोकांची पीएच.डी. चालू होती. विचार कर, चौथ्या वर्षाला असताना एका सकाळी तुझ्या विषयाचा पायाच गेला तर? त्या मुलांचं पुढे काय झालं हे मी आवर्जून बघत आले. ज्यांनी आयसोजेनींचं गणित मनापासून शिकलं होतं त्यांना नवं कामच मिळालं, कारण हल्ल्याची तीच युक्ती उलटी वापरून नव्या, जास्त चांगल्या सही-पद्धती बनायला लागल्या. ज्यांनी फक्त त्या एका योजनेचं इम्प्लिमेंटेशन वेगवान करण्यावर सगळं लावलं होतं त्यांना जड गेलं. विषय निवडताना हे लक्षात ठेव: योजनेशी लग्न लावू नकोस, तिच्या मागच्या गणिताशी लाव.

उलटी बाजूही बघितली पाहिजे. १० एप्रिल २०२४ ला बीजिंगच्या यिलेई चेन यांनी एक पेपर जाहीर केला. लॅटिसवरच्या, म्हणजे अनेक मितींतल्या बिंदूंच्या जाळीवरच्या, अवघड प्रश्नांसाठी वेगवान क्वांटम रीत सापडली असा दावा होता. नव्या पिढीची बहुतेक क्रिप्टोग्राफी या लॅटिसवरच उभी आहे. कायबर हे प्रमाणित होऊ घातलेलं तंत्र त्या दाव्याच्या थेट कक्षेत येत नव्हतं, तरी जगभरातले आमच्यासारखे लोक हातातली कामं टाकून ते मोठं हस्तलिखित वाचायला बसले. आठव्या दिवशी दोघा जणांना, एकमेकांशी न बोलता, नवव्या पायरीतली चूक सापडली. चेन यांनी ती लगेच मान्य केली आणि पेपरच्या सुरुवातीलाच तसं लिहून टाकलं. कुणी कुणाचा अपमान केला नाही. मला माझ्या क्षेत्राचा अभिमान वाटतो तो अशा आठवड्यांमुळे, आणि माझ्या विद्यार्थ्यांना मी हा पेपर चुकीसकट वाचायला लावते.

धीर लागतो तो आणखी एका कारणानं. गोल्डवॉसर, मिकाली आणि रॅकॉफ यांचा झीरो नॉलेजवरचा पेपर १९८५ मध्ये स्वीकारला गेला, त्याआधी तो परिषदांनी परत पाठवला होता. एखादी गोष्ट मला माहीत आहे हे ती गोष्ट न सांगता सिद्ध करायचं, ही कल्पनाच लोकांना पचत नव्हती. ती कल्पना लोकांच्या पैशांच्या व्यवहारात उतरली ती झीकॅशसारख्या क्रिप्टो-चलनात, २०१६ मध्ये. राल्फ मर्कल १९७४ मध्ये बर्कलीत पदवीचा विद्यार्थी होता. अनोळखी दोघांनी उघड्या तारेवर गुप्त किल्ली कशी ठरवावी, हा त्याचा कोर्स प्रोजेक्ट शिक्षकाला पटला नाही आणि त्यानं तो कोर्सच सोडला. त्याचा पेपर छापून आला १९७८ मध्ये. तोवर याच प्रश्नावरचा डिफी आणि हेलमन यांचा १९७६ चा प्रसिद्ध पेपर येऊन गेला होता. ओडेड रेगेव्ह यांनी २००५ मध्ये मांडलेल्या एका प्रश्नावर आधारलेलं तंत्र अमेरिकेचं मानक झालं ऑगस्ट २०२४ मध्ये. दर तिमाहीला निकाल बघायची सवय असलेल्या माणसाला हा वेग सोसणार नाही.

आता तुझ्या व्यवहारी प्रश्नांकडे येते.

गणित. एम-१, एम-२, एम-३ या इंजिनिअरिंगच्या गणिताच्या पेपरांतले मार्क इथे फारसे कामाचे नाहीत. लाप्लास आणि फुरिए चांगले येत असतील तर उत्तम, पण तुला लागेल ते वेगळं: प्रोबॅबिलिटी (ही सगळ्यात जास्त, आणि आपली मुलं नेमकी इथेच कच्ची असतात), लिनिअर अल्जिब्रा, ग्रुप-रिंग-फील्ड, प्राथमिक नंबर थिअरी आणि कॉम्प्लेक्सिटी (कुठला प्रश्न सोडवायला किती अवघड, याचं शास्त्र). यातलं बरंचसं इंजिनिअरिंगच्या सिलॅबसमध्ये डिस्क्रीट मॅथ्सच्या एका पेपरापुरतं येऊन जातं. एनपीटीईएलवर (आयआयटींच्या मोफत ऑनलाइन कोर्सच्या मंचावर) या सगळ्यांचे चांगले कोर्स आहेत. डॅन बोनेह आणि व्हिक्टर शूप यांचं पाठ्यपुस्तक नेटवर मोफत आहे. त्याची सुरुवातीची काही प्रकरणं स्वाध्यायांसकट सोडव. नुसतं वाचून ‘समजलं’ म्हणू नकोस. सिद्धता स्वतः लिहिता येणं हे कौशल्य आहे आणि ते हातानं लिहूनच येतं. अमुक पद्धत फोडणारा शत्रू समजा अस्तित्वात आहे, मग त्यालाच हाताशी धरून मी अमुक अवघड प्रश्न सोडवून दाखवते, या घाटाची पहिली सिद्धता कुणाच्या मदतीशिवाय पुरी झाली की तुला स्वतःलाच कळेल, हे आयुष्यभर करावंसं वाटतंय की नाही.

आणि गणित तुझा पिंड नसेल तर दार बंद होत नाही. पॉल कोचर यांनी १९९६ मध्ये दाखवलं की गणित करायला चिपला किती वेळ लागतो हे मोजून गुप्त किल्ली काढता येते, आणि पुढे विजेचा वापर मोजूनही. या साइड-चॅनल शाखेत ऑसिलोस्कोप, व्हेरिलॉग (चिपची रचना लिहायची भाषा), सांख्यिकी हे सगळं लागतं. आयआयटी खरगपूरमध्ये देबदीप मुखोपाध्याय यांच्या गटानं यात जगात नाव मिळवलंय. इलेक्ट्रॉनिक्सची मुलं इथे कॉम्प्युटरवाल्यांपेक्षा पुढे जाताना मी पाहिली आहेत.

कुठे शिकायचं? कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये ‘क्रिप्टॉलॉजी अँड सिक्युरिटी’ याच नावाचं एम.टेक. आहे, आणि आपल्या देशात हा विषय रुजवण्यात त्या संस्थेचा वाटा फार मोठा. इंडोक्रिप्ट ही परिषद २००० मध्ये तिथूनच सुरू झाली. बंगळुरूचं आयआयएससी, आयआयटी मुंबई, आयआयटी मद्रास इथे भक्कम माणसं आहेत. गेट चांगली दिलीस तर यातल्या काही संस्था बी.ई. नंतर थेट पीएच.डी. लाही घेतात, नियम दर वर्षी बघावे लागतात. त्याआधी भारतीय विज्ञान अकादमीच्या समर रिसर्च फेलोशिपसाठी अर्ज कर. उन्हाळ्याचे दोन महिने खऱ्या संशोधन गटात काढलेस तर बाहेरच्या कुणाच्याही सल्ल्यापेक्षा जास्त समजेल.

पण संस्थेच्या नावापेक्षा गाईड महत्त्वाचा. त्याचे गेल्या पाच वर्षांतले पेपर बघ. क्रिप्टो, युरोक्रिप्ट, एशियाक्रिप्ट, टीसीसी, चेस या आमच्या मुख्य परिषदांपैकी कुठे आहेत का? पैसे भरले की छापून देणाऱ्या जर्नलांचीच यादी असेल तर तिथे जाऊ नकोस, मग तो माणूस स्वभावानं कितीही चांगला असो. त्याच्या आधीच्या विद्यार्थ्यांना विचार: पेपर परत आला की सर किंवा मॅडम काय करतात? आमच्या क्षेत्रात पेपर परत येणं हा नेहमीचाच भाग आहे. गाईड रिव्ह्यू शांतपणे वाचून पुन्हा कामाला बसतो की विद्यार्थ्यावर चिडतो, यावर तुझी पाच वर्षं कशी जाणार ते ठरतं.

पैसे. ज्युनिअर रिसर्च फेलोला महिना ३७,००० रुपये, दोन वर्षांनी सिनिअर झाल्यावर ४२,०००, वर घरभाडं. पीएच.डी. ला पाचेक वर्षं, नंतर बहुधा दोन-तीन वर्षं पोस्ट-डॉक, बऱ्याचदा युरोपात किंवा अमेरिकेत. मग आयआयटीत असिस्टंट प्रोफेसर ग्रेड एकचं सातव्या वेतन आयोगातलं मूळ वेतन १,०१,५०० पासून सुरू होतं, भत्ते वेगळे. विद्यापीठांत आणि अनुदानित कॉलेजांत सुरुवात ५७,७०० मूळ वेतनावर होते, पण पूर्णवेळ जागा निघतात कधी हाच प्रश्न असतो. आपल्याकडे पीएच.डी. झालेली चांगली माणसं तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं शिकवतायत हे वास्तव तुला आणि तुझ्या घरच्यांना माहीत असलंच पाहिजे. हे मी दुःखानं लिहितेय. क्रिप्टोग्राफीत त्यातल्या त्यात बरं हे की शिक्षणक्षेत्राबाहेरही दारं उघडी आहेत: मायक्रोसॉफ्ट रिसर्चची बंगळुरूची प्रयोगशाळा, चिप बनवणाऱ्या कंपन्या, बँकांची पेमेंट व्यवस्था, झीरो नॉलेजवर काम करणाऱ्या ब्लॉकचेन कंपन्या. पीएच.डी. वाया जात नाही. मात्र तुझे वर्गमित्र पंचविसाव्या वर्षी जे कमावतील ते तू पस्तिशीच्या आसपास कमावशील, हा हिशोब आधीच मान्य करून निघ.

प्राध्यापक झाल्यावरचा दिवस कसा असतो? क्रिप्टो परिषदेची पेपर पाठवायची मुदत साधारण फेब्रुवारीत येते, म्हणजे आपलं सेमिस्टर ऐन भरात असताना. त्याच आठवड्यात इंटर्नलचे पेपर तपासायचे असतात, कुणाच्या प्रोजेक्टचा रिव्ह्यू असतो, नॅक किंवा एनबीए या कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थांच्या फायली असतात. परिषदेच्या समितीवर असलीस तर दुसऱ्यांचे दहा-पंधरा पेपर बारकाईनं वाचायचे, तेही लेखकांची नावं न कळता. यातलं वाचन मला कधी जड वाटलं नाही, फायली वाटतात.

एका गोष्टीसाठी आधीपासून तयार राहा. आमच्या क्षेत्रात लेखकांची नावं आडनावाच्या अक्षरक्रमानं लावतात. कोणी किती काम केलं याचा त्या क्रमाशी काहीच संबंध नसतो. शिवाय आमचं सर्वोत्तम काम परिषदांत छापलं जातं, जर्नलमध्ये नंतर, किंवा कधीच नाही. पण आपल्याकडच्या बढतीच्या फॉर्ममध्ये पहिल्या लेखकाला जास्त गुण आणि जर्नलला जास्त वजन असतं. ‘व’ किंवा ‘श’ पासून आडनाव सुरू होणाऱ्या तरुण शिक्षकांना मुलाखतीत ‘तुमचं नाव नेहमी शेवटी का?’ असं विचारलेलं मी ऐकलंय. अर्जासोबत या रिवाजाचं एक पानी टिपण जोडायचं, आणि एखादा पेपर वेळेत जर्नलकडे पाठवायचा, हा माझा सगळ्या तरुण सहकाऱ्यांना सल्ला असतो.

बाहेरची मंडळीही सल्ल्यासाठी येतात आणि ते काम मी मनापासून करते. नेहमी येणारं एक उदाहरण सांगते. संस्था म्हणते, ‘आम्ही लोकांचे मोबाईल नंबर साठवतच नाही, शा-२५६ ने हॅश करून ठेवतो, म्हणजे सुरक्षितच.’ (हॅश म्हणजे मजकुरावरून काढलेला ठरावीक लांबीचा ठसा; शा-२५६ ही तो काढायची एक प्रमाणित रीत.) दहा आकडी नंबर एकूण असणार किती? फार तर हजार कोटी. आजचं एक चांगलं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला शेकडो कोटी हॅश काढतं. सगळे नंबर हॅश करून ताडून बघायला चहा होईपर्यंतचाही वेळ लागत नाही. हॅश उलटा फिरवता येत नाही हे खरं आहे, पण तो फिरवायची गरजच कुणाला पडत नाही. गुप्त किल्लीसह हॅश करा आणि ती किल्ली डेटाबेसपासून दूर ठेवा, एवढं साधं उत्तर असतं. लिलावातल्या ४ आणि ८ सारखीच ही गोष्ट आहे: काय कठीण आहे आणि आपण कशावर विसंबलोय, या दोहोंत फट राहते. ती फट दाखवून देणारा माणूस समाजाला लागतो, आणि तो तयार करणं हे प्राध्यापकाचं काम आहे.

सरकारी गुप्त प्रयोगशाळेत जावं का, असंही काही जण विचारतात. ते देशाचं काम आहे आणि तिथे प्रश्न अस्सल असतात. फक्त एक गोष्ट माहीत असू दे. सार्वजनिक किल्लीची कल्पना ब्रिटनच्या जीसीएचक्यू या गुप्तहेर संस्थेमध्ये जेम्स एलिस यांना १९७० मध्येच सुचली होती, आणि १९७३ मध्ये क्लिफर्ड कॉक्स यांनी आरएसएसारखीच पद्धत काढली होती. जगाला ते कळलं डिसेंबर १९९७ मध्ये. एलिस त्याच्या आधीच्या महिन्यात वारले होते. ज्याला आपलं काम चारचौघांत मांडायला, शिकवायला, त्यावर वाद घालायला आवडतं, त्याला विद्यापीठच मानवेल.

क्वांटमचा प्रश्न राहिला. पीटर शोर यांच्या १९९४ च्या रीतीमुळे पुरेसा मोठा क्वांटम कॉम्प्युटर आरएसए आणि एलिप्टिक कर्व्ह दोन्ही मोडेल. विषय मात्र त्यामुळे वाढलाय. निस्टनं २०१६ मध्ये नव्या पद्धती मागवल्या आणि १३ ऑगस्ट २०२४ ला पहिली तीन मानकं जाहीर केली. आता बँका, सिमकार्डं, स्मार्ट मीटर, सरकारी सह्या, सगळं बदलायचंय, आणि ते बदलताना चुका होणार नाहीत हे बघणारी माणसं कमी आहेत. आज कुणी पकडून ठेवलेला संदेश उद्या उघडला जाऊ शकतो, त्यामुळे थांबून चालणार नाही. पीएच.डी. सुरू करायला याहून चांगला काळ मला माझ्या कारकिर्दीत आठवत नाही.

घरच्यांबद्दल. ते चुकीचं बोलत नाहीयेत. त्यांना अनिश्चितता दिसतेय आणि ती खरी आहे. त्यांच्याशी भांडू नकोस, त्यांच्यासमोर वरचे आकडे ठेव. कर्ज फेडायचं असेल तर दोन वर्षं नोकरी करून मग येणारे विद्यार्थी आमच्याकडे असतात आणि ते वाईट करत नाहीत. क्रेग जेन्ट्री आधी वकील होते. नंतर स्टॅनफर्डला जाऊन त्यांनी २००९ मध्ये बंद डेटा न उघडता त्यावर कुठलीही आकडेमोड करायची पहिली पद्धत शोधली. नोकरी घेतलीस तर रोज रात्री तासभर गणित चालू ठेव, कारण पैशापेक्षा सवय मोडण्याचा धोका मोठा असतो. आणि मुलगी म्हणून ‘पीएच.डी. होईपर्यंत लग्नाचं वय निघून जाईल’ हे तुला ऐकावं लागेल. मलाही ऐकावं लागलं. माझ्या कितीतरी विद्यार्थिनींनी संसार आणि थीसिस दोन्ही केलं, काहींनी फक्त थीसिस केला, आणि निर्णय त्यांचा त्यांनी घेतला.

या सुट्टीत एवढं कर. वरचं लिलावाचं उदाहरण ३३ ऐवजी मोठ्या संख्येवर पायथॉनमध्ये चालवून बघ. मग बोली दुप्पट करता येणार नाही अशी अट तुझ्या शब्दांत, एका वाक्यात लिही, आणि त्या वाक्यात पळवाट शोध. सापडली की वाक्य दुरुस्त कर आणि पुन्हा शोध. थकशील तेव्हा बोनेह-शूपमध्ये ‘चोझन सायफरटेक्स्ट’चं (वर सांगितलेल्या कडक व्याख्येचं) प्रकरण उघडून तुझं वाक्य त्यांच्या व्याख्येशी ताडून बघ. ज्या प्राध्यापकांकडे समर प्रोजेक्टसाठी मेल करशील त्यांना मार्कलिस्टसोबत या सगळ्याचं दोन पानांचं टिपण जोड. ‘आय अॅम पॅशनेट अबाउट सिक्युरिटी’ असं लिहिलेले मेल आमच्याकडे ढिगानं येतात, असं टिपण क्वचितच येतं, आणि आलं की आम्ही उत्तर देतो.